धामणीची अकरा अंडी

नाना,

हे पत्र तुम्ही असताना लिहायला हवं होतं. तुम्ही भोपाळला होतात, मी उज्जैनला, टपाल दुसऱ्या दिवशी पोचत असे, आणि सांगायचं होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. त्या काळात मी तुम्हाला पुष्कळ पोस्टकार्डं लिहिली. आईचे गुडघे, घरमालकाने न बुजवलेलं छताचं भोक, माझे मार्क. धामणीच्या अंड्यांबद्दल एक ओळ लिहिली नाही. ती अंडी का गेली हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं होतं. ती माझ्या हाताने गेली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लिहिताना मला स्वतःसाठी सोयीची वाट काढता येणार नाही.

तेव्हा आपण माधव नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. रियासतीच्या काळात तिथे बाटल्या धुवायला लागलात आणि वीस-बावीस वर्षांत अशी वेळ आली की बेडूक नीट कसा फाडावा, मेलेल्या पक्ष्यात भुसा कसा भरावा, हे प्रोफेसर मंडळी तुम्हाला विचारू लागली. पदवी तुमच्याजवळ नव्हती. मॅट्रिक होतात. धामण तुम्ही कॉलेजमागच्या नाल्यात हातभर असताना पकडलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागे आणि ती जाळीच्या खोक्यात बसून, सायकलच्या कॅरियरवरून आपल्या घरी येई. फ्रीगंजातला एक धान्यवाला पिंजऱ्यात सापडलेले उंदीर तिच्यासाठी राखून ठेवी आणि तिची तब्येतही विचारी. आईची अट एकच होती, खोकं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. दूधवाल्याची अट त्याहून कडक. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते अशी त्याची खात्री होती, म्हणून तो फाटकाच्या आत पाऊल टाकत नसे. आई पातेलं घेऊन रस्त्यावर जाई आणि परत येऊन म्हणे, "यांच्या लाडकीपायी माझी रोज गल्लीतून वरात निघते." त्या चैत्रात तुम्ही एक नर धामण पकडून आणला, आठवडाभर तिच्याबरोबर ठेवला आणि नेऊन सोडला. त्यावर आई शेजारणीला म्हणाली होती, आमचे जावई आठ दिवस राहून गेले, मानपान काही मागितला नाही.

मी त्या वर्षी इंटर सायन्सला होते. हुशार होते आणि मला ते माहीत होतं.

राज्यं तेव्हा भराभर बदलत होती. ग्वाल्हेरची रियासत गेली, मध्यभारत आलं, आणि आता मध्यभारतही जाणार, राजधानी भोपाळला होणार, हे ठरलं होतं. जुन्या रियासतीतल्या नोकरांच्या जागा नव्या नियमांत बसवायला एक समिती बसली होती. डेमॉन्स्ट्रेटरला बी.एस्सी. पाहिजे असा नवा नियम. नसेल त्याला भोपाळच्या कुठल्यातरी दफ्तरात कारकून करणार. तुम्ही घरी येऊन हे जेवताना सांगितलं, अगदी सहज, आणि भात पुन्हा मागितला. पण रात्रभर तुमच्या खाटेची करकर थांबली नाही. प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी तुम्हाला खोलीत बोलावून सांगितलं होतं, "मास्साब, मुँह से कहने से कुछ नहीं होगा. काग़ज़ पर कुछ करके दिखाइए, मैं लिख दूँगा कि आदमी रिसर्च करता है."

आणि धामणीने ज्येष्ठात अंडी घातली. अकरा. पांढरी, लांबट, हाताला मऊ चामड्यासारखी. तुम्ही त्या दिवशी प्राचार्यांच्या घरी जाऊन आलात. पिल्लं बाहेर निघतील त्या दिवशी ते शिक्षण खात्याच्या साहेबाला घेऊन येणार, तुमची वही साहेबाला दाखवणार, आणि तुमच्या नावापुढे शेरा लिहिला जाणार. अंडी घातल्यापासून पिल्लं निघेपर्यंतची रोजची नोंद इकडे कोणी ठेवलेली नव्हती. दोन महिने लागतील असा तुमचा अंदाज होता. त्या दोन महिन्यांवर तुमची बावीस वर्षं टांगली होती. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण आईने आपणहून उंबऱ्याची अट सोडली. स्वयंपाकघरात माठांच्या घडवंचीखाली गारवा असतो, ओल असते, तिथे ठेवा, म्हणाली. ज्या घरात कोंबडीचं अंडं कधी आलं नाही, त्या घरात पिण्याच्या पाण्याखाली सापाची अंडी आली.

तुम्ही ती ठेवलीत ते मला आजही दिसतं आहे. लाकडी खोक्यात वाळू आणि कुजलेला पाला. तुम्ही उकिडवे बसला आहात, एकेक अंडं दोन बोटांत उचलून, जसं पडलं होतं तसंच, तीच बाजू वर ठेवून पाल्यात बसवता आहात आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक फुली काढता आहात. आठवड्याने तुम्ही खिडकीला घोंगडी लावून अंधार केलात. माझ्या हातात टॉर्च दिलात. म्हणालात, "बेटा, खोक्यातच राहू दे, कडेने उजेड टाक." मी टाकला. अंड्याच्या आत लाल रेषा होत्या. केसासारख्या बारीक, एका ठिपक्यापासून फांद्या फुटलेल्या. मग तुम्ही म्हणालात, आता ही वही तू लिही. एवढी मोठी गोष्ट मला त्यानंतर कोणी दिली नाही. पदव्या धरून सांगते आहे.

त्याच वहीवरून तुम्ही मला बोललात तेही आठवतं. दुपारचं तापमान मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, रोज तेवढंच येतं म्हणून. तुम्ही ते पान माझ्यापुढे धरलंत आणि हळू आवाजात विचारलंत, दुपार झाली का? मी म्हटलं, नाही. "मग हे कोणी पाहिलं?" एवढंच. मी त्या दिवशी जेवले नाही. मला राग आला होता. खोटं बोलायचं नाही तर इथेच सांगून टाकते, राग असा आला होता की एक मॅट्रिक माणूस मला वही कशी लिहावी ते शिकवतो आहे.

मग ग्वाल्हेरहून समितीचं बोलावणं आलं. दोन दिवसांचं काम. तुम्ही जाताना मला पाच-सहा गोष्टी सांगितल्यात. पाला सुकला तर हाताने पाणी शिंपड. वर ओलं गोणपाट असू दे. थर्मामीटर तीनदा बघ. मुंग्या येऊ देऊ नकोस. आणि काही झालं तरी अंड्यांना हात लावायचा नाही. हे तुम्ही टांग्यात बसताना पुन्हा सांगितलंत. मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

ग्वाल्हेरला तुमची फाइलच सापडेना. दोन दिवसांचे अकरा झाले. आणि मी कॉलेजच्या वाचनालयातून कोंबड्या पाळण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अंडी दिवसातून दोनदा फिरवावीत, नाहीतर आतला जीव एका बाजूला चिकटून मरतो. कोंबडी स्वतः चोचीने फिरवते. म्हणून पाळणारे एका बाजूला फुली काढतात, म्हणजे कोणती फिरवली ते कळतं. तुम्ही फुल्या काढल्या होत्या आणि फिरवायचं मात्र तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मी ठरवलं. आपल्यात कोणी कधी कोंबडी पाळली असती, किंवा मी ती अंड्यावर बसलेली नुसती पाहिली असती, तर निदान हे कोंबडीपुरतं आहे एवढा विचार आला असता. मी अंडं पाहिलं होतं ते पुस्तकातल्या आकृतीत. मला सगळी अंडी सारखी. मी सकाळी फुल्या खाली केल्या, संध्याकाळी वर. हलक्या हाताने, अगदी व्यवस्थित. वहीत तापमान लिहिलं, पाणी लिहिलं. फिरवणं लिहिलं नाही. माझी इतकी खात्री होती तर का लिहिलं नाही, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, आणि मी स्वतःला विचारायला फार वर्षं लावली.

तुम्ही आलात त्या संध्याकाळी सगळ्या फुल्या वर होत्या. तुम्ही पाय न धुता स्वयंपाकघरात गेलात, खोक्यापाशी बसलात आणि म्हणालात, छान ठेवलंस. टॉर्च लावला. रेषा दिसल्या नाहीत. उजेड कमी असेल, सेल उतरले असतील. दुसऱ्या दिवशी देवास गेटवरून नवे सेल आणलेत. मग म्हणालात, कवच जाड होतं मधल्या काळात, थांबू. आपण थांबलो. नाना, त्या थांबण्याचं मी काय लिहू? आषाढ गेला. दोन अंड्यांवर बुरशी आली, ती तुम्ही बाजूला काढलीत आणि वहीत लिहिलंत, नऊ. मग सात. उरलेली पिवळी पडून चेपत होती. तुम्ही म्हणत होतात, पिल्लू निघायच्या आधी चेपतात, असं ऐकलं आहे. कोणाकडून ऐकलं ते तुम्ही सांगितलं नाही. प्राचार्यांचा निरोप येई, मास्साब, कब तक? तुम्ही निरोप पाठवत होतात, बस, हफ़्ता भर. धामण आपल्या खोक्यात कात टाकून नवी झाली आणि घरातली बाकी सगळी माणसं जुनी होत गेली.

नागपंचमीला दोन महिने पुरे झाले. त्या दिवशी महाकालाच्या वरच्या मजल्यावरचं नागाचं देऊळ उघडतं, वर्षातून एकदाच, म्हणून अख्खं गाव रांगेत होतं. शेजारणी आईला बोलवायला आल्या तर आई म्हणाली, आमच्याकडे घरीच आहेत, रांग नाही. तिने पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, दिंडं उकडली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून स्वयंपाकघर लवकर शांत झालं. तुम्ही सकाळपासून खोक्यापाशी पाट घेऊन बसला होतात, धुतलेलं धोतर नेसून. मला वाटतं, नवस वगैरे न मानणाऱ्या तुम्ही त्या दिवशी काहीतरी मानलं होतं. संध्याकाळी आईने ताट खोक्यापाशीच आणून ठेवलं. तुम्ही एक दिंड खाल्लंत आणि म्हणालात, उद्या बघू.

सत्तर दिवस झाले. ऐंशी झाले. मग एका रविवारी तुम्ही कात्री आणि बशी घेऊन मोरीत बसलात आणि एकेक अंडं उघडलंत. मला वही घेऊन शेजारी उभं केलंत. आत करंगळीच्या पेराएवढी वेटोळी, डोळ्यांचे काळे ठिपके, बाकी नासलेलं. तुम्ही प्रत्येक सरळ करून पाहिलंत, पट्टी लावलीत आणि मला आकडा सांगितलात. शेवटचं झाल्यावर हात धुतलेत आणि म्हणालात, सगळी एकाच सुमाराला थांबली आहेत. तिसऱ्या आठवड्यात. "मी ग्वाल्हेरला होतो तेव्हा." मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, मी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. वही आहे ना. तुम्ही मान हलवलीत. तुमचा माझ्यावर विश्वास होता, आणि त्यामुळे तुमची नजर माझ्यावरून पुढे आईकडे गेली.

"तू काही टाकलंस का यावर?"

आईने पदराला हात पुसले. म्हणाली, "गोमूत्र शिंपडत होते माठांवर. पिण्याचं पाणी आहे, खाली अंडी. दोन-चार थेंब खाली गेले असतील."

"मग झालं," तुम्ही म्हणालात.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. पण त्यानंतर कित्येक दिवस आईशी तुम्ही कामापुरतं बोललात, आणि आईने एकदाही म्हटलं नाही की दोन-चार थेंबांनी अकरा जीव कसे जातील. मी त्या दोघांच्या मध्ये बसून इंटरचा अभ्यास करत होते.

तुम्ही प्राचार्यांना सांगायला गेलात तेव्हा मी बरोबर होते. फाटकाशी उभी होते. तुम्ही म्हणालात, सर, नहीं निकले. ते म्हणाले, "कोई बात नहीं मास्साब, साँप ही तो थे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. समितीकडे नावांची यादी त्या महिन्याअखेर गेली, तुमच्या शेऱ्याशिवाय. धामणीला तुम्ही शहराबाहेरच्या ज्वारीच्या शेतात सोडून आलात, रिकामं खोकं घरमालकाच्या सुनेला कोळसे ठेवायला दिलंत, आणि नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात भोपाळला गेलात. आवक-जावक कारकून. कागदाला नंबर द्यायचा, रजिस्टरमध्ये चढवायचा. मी शिकत होते म्हणून आई आणि मी इथेच राहिलो.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मला ते एका परिच्छेदात सापडलं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांत गर्भ वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटतो. अंडं फिरवलं तर तो खाली दबतो आणि मरतो. तुम्ही कोणतंही पुस्तक न वाचता, नाल्याकाठी बघून बघून हे जाणत होतात. मी ते पान दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं आणि घरी जाऊन जेवले. त्या दिवाळीत मी तुमच्याकडे भोपाळला आले. एक खोली, एक स्टोव्ह, भिंतीवर खिळ्याला अडकवलेला कोट. तुम्ही पुष्कळ वाळला होतात. जेवण झाल्यावर तुम्ही विचारलंत, आता तू वरचं शिकतेस, तर सांग, गोमूत्राने होईल का असं? की माझाच पाला चुकला? मला वाटतं पाला फार ओला होता. मी तीन वर्षं विचार करून राहिलो आहे, म्हणालात. मी म्हटलं, पाला ओला असेल. तुम्ही म्हणालात, हो ना, मलाही तेच वाटतं. आणि तुम्हाला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, आईवरचा ठपका गेला म्हणून. तो तुम्ही स्वतःवर घेतलात. मी भांडी घासली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

मी तुम्हाला घाबरत नव्हते. तुम्ही मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तुम्ही चूक केलीत आणि मी बरोबर होते, ही मांडणी मला इतकी सवयीची झाली होती की ती उलटी करायला तोंड उघडेना.

आईने पुढे एकदा विषय काढला, तुम्ही जाऊन दहा वर्षं झाल्यावर. मी पोळ्या लाटत होते, ती भाजत होती. म्हणाली, "तू अशीच उलटवायचीस ती अंडी. सकाळी माझ्या पूजेच्या आधी." माझं लाटणं थांबलं. मी विचारलं, तू पाहिलंस? "रोज पाहत होते की. मला वाटलं कॉलेजात शिकवलं असेल." मग नानांना का नाही सांगितलंस, म्हटलं. तिने पोळी तव्यावरून काढली. "माझ्यावर रागावायची त्यांना सवय होती बेटा. तुझ्यावर रागावले असते तर घरात कोणाशी बोलले असते?"

ती गेली. आता हे जाणणारी मी एकटी आहे. नोकरीत मला पोरी घाबरत, ते ठीक आहे, मला सैलपणा चालत नाही. कॉलेजात तीस वर्षांहून जास्त प्राणिशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी हा भाग आला की वर्गात एक गोष्ट सांगितली. वर्षभरात मी तेवढाच एक विनोद करत असे. एक पुराने मास्साब थे, डिग्री-विग्री कुछ नहीं, साँप के अंडों को मुर्ग़ी के समझकर सुबह-शाम पलटते रहे. दो महीने बैठे रहे कि अब निकलेंगे, अब निकलेंगे. पोरी हसत. परीक्षेत तो प्रश्न कोणी चुकत नसे. पहिल्या वर्षी ती गोष्ट तोंडातून कशी निघाली ते मला आठवत नाही. पहिल्या वर्षी निघाली, मग दुसऱ्या वर्षी ती तशीच सांगणं सोपं होतं.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. पत्ताच नाही, आणि असता तर मी ते लिहिलंही नसतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. परवा फ्रीगंजात औषधाच्या दुकानात एका बाईंनी वाकून नमस्कार केला. माझी जुनी विद्यार्थिनी, केस माझ्याइतकेच पांढरे. बरोबर नात होती, बी.एस्सी.ला आहे. बाई नातीला म्हणाल्या, मॅडम कधी हसल्या नाहीत, पण एक किस्सा असा सांगायच्या, विचारू नकोस. आणि मला म्हणाल्या, "मैडम, वो मास्साब वाला सुनाइए न इसको." दुकानदारही कान देऊन उभा राहिला. नाही म्हणता आलं असतं. खरं काय ते एका वाक्यात सांगताही आलं असतं, तिथे मला ओरडणारं कोणी उरलेलं नाही. मी किस्सा सांगितला. सगळा, नेहमीसारखा, "दो महीने बैठे रहे" या ठिकाणी जरा थांबून. तिथे थांबलं की हसू जास्त येतं.